पार्ट मेळना

नरकासुराचा उजवा हात वर जायचा, पण खाली यायचा नाही. चतुर्दशीला दोन रात्री उरलेल्या. सुर्ल्यातल्या पोरांनी बांबू, गवत आणि रद्दीचा दोन पुरुष उंचीचा राक्षस उभा केला होता. त्याने गदा फिरवावी म्हणून एका बंद पडलेल्या टिपरच्या वायपरची मोटर त्याच्या खांद्यात बसवली होती. गोव्यात हल्ली हलत्या नरकासुराशिवाय पोरांचं भागत नाही. गॅरेजवाल्या मेस्ताने मोटर उघडली, आतलं दातेरी चाक अंगठ्याने फिरवलं, झिजून सपाट झालेले दोन दात दाखवले आणि निकाल दिला : "पार्ट मेळना."

भाग मिळत नाही. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात हे दोन शब्द मी इतक्या तोंडून ऐकले आहेत, की पावसाच्या चौकशीइतकेच ते सवयीचे झालेत. त्या संध्याकाळी मात्र ते जरा वेगळे कानावर पडले. कारण तेव्हा माझं वाचन चाललं होतं ते जगातल्या सगळ्यांत मोठ्या लष्करी हेलिकॉप्टरबद्दल, आणि त्या प्रचंड यंत्राची भारतातली कहाणीसुद्धा अखेर याच दोन शब्दांपाशी येऊन थांबत होती.

आधी गावाबद्दल. सुर्ला नावाची गावं गोव्यात दोन. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या अंगाला, म्हादईच्या रानात. धबधब्यांच्या शोधात निघालेल्यांना ठाऊक असतं ते ते. हे दुसरं, डिचोली तालुक्यातलं, खाणींचं. इथली माती, पायऱ्या, छपरं, कधी काळी वाळत टाकलेले कपडेसुद्धा लाल. डोंगरातलं खनिज टिपरमध्ये भरायचं, मांडवीच्या काठच्या जेटीवर ओतायचं, तिथून बार्ज ते मुरगावला नेणार, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता. घरटी एक तरी ट्रक, नाहीतर ट्रकावर चालणारा माणूस. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि मार्च २०१८ मध्ये लीजच रद्द झाल्याने पुन्हा सगळं ठप्प. पुढे लिलाव झाले, काही ठिकाणी यंत्रं पुन्हा फिरू लागली. पण मधल्या काळात शेकडो ट्रक अंगणात, माळावर, काजूच्या झाडाखाली उभे राहिले.

उभ्या यंत्राला काही होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी या पट्ट्यात एक पावसाळा काढावा. ऑइल खाली बसतं. रबराचे सील सुकून तडकतात. बेअरिंग एकाच जागी दाबून राहिल्याने तिथेच गंजतं. मग ज्याचे तीन ट्रक आहेत तो दोन चालवण्यासाठी तिसरा मारतो. त्याचा गिअरबॉक्स याला, डिफरन्शियल त्याला, रेडिएटर तिसऱ्याच कुणाला. शेवटी केबिन आणि नंबरप्लेट तेवढी उरते. मेस्त याला 'काडून घालप' म्हणतो. हवाई दलाच्या भाषेत याला कॅनिबलायझेशन म्हणतात, म्हणजे स्वजातीचं मांस खाणं. शब्द भयंकर आहे, पण कामात फरक नाही.

आता ते हेलिकॉप्टर. एमआय-२६. मॉस्कोच्या मिल संस्थेत मारात तिश्चेन्को यांच्या हाताखाली त्याची रचना झाली आणि डिसेंबर १९७७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. लांबी ४० मीटर. डोक्यावर आठ पाती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३२ मीटर. दोन इंजिनं, प्रत्येकी ११,४०० अश्वशक्तीची. भरलेल्या हेलिकॉप्टरचं कमाल वजन ५६ टन, त्यात माल २० टन. सुर्ल्यात हा आकडा सांगितला तर लगेच हिशेब होतो, कारण टिपरमध्ये दहाएक टन खनिज मावतं. म्हणजे दोन भरलेल्या टिपरांचा माल उचलून उडणारं यंत्र.

यातली खरी कमाल पात्यांत किंवा इंजिनांत नाही, ती मधल्या गिअरबॉक्समध्ये आहे. इंजिनची टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. एवढी मोठी पाती त्या वेगाने फिरली तर फाटून जातील, त्यांना मिनिटाला शेदीडशेच फेरे झेपतात. वीस हजारांवर अश्वशक्तीची ताकद घ्यायची, तिचा वेग उतरवायचा आणि उभ्या दांड्यावर आठ पात्यांना द्यायची. हे सगळं साडेतीन टनांच्या आसपास वजनाच्या एका पेटीत. ही पेटी मिलच्या अभियंत्यांनी स्वतःच रचली, आणि एवढी ताकद वाहणारा हेलिकॉप्टरचा दुसरा गिअरबॉक्स जगात नेहमीच्या वापरात नाही. म्हणजे तो बिघडला तर शेजारच्या दुकानात मिळणारा जोडीदारच नाही.

भारतीय हवाई दलाने १९८६ पासून अशी चार हेलिकॉप्टरं घेतली. मुक्काम चंडीगड, तुकडी १२६ हेलिकॉप्टर युनिट. तुकडीला नाव पडलं 'फेदरवेट्स', पिसाच्या वजनाचे. सैनिकांचा विनोद असा सरळ चेहऱ्याचा असतो.

मेस्ताला मी हे सांगत होतो तेव्हा तो वायपरचं दुसरं चाक शोधत पत्र्याच्या डब्यात हात घालून बसला होता. वजन, पाती, अश्वशक्ती यांतल्या कशावरही त्याने मान वर केली नाही. मग विचारलं, "कितलीं हाडिल्लीं?" किती आणली? चार, म्हटलं. "चारांखातीर दुकान कोण घालतलो, पात्रांव?"

मी वाचलेल्या सगळ्या कागदांतून जे मला इतकं सरळ कळलं नव्हतं ते हेच होतं. हवाई दलाकडे एमआय-१७ जातीची हेलिकॉप्टरं शेकड्यांनी आहेत. म्हणून चंडीगडला ३ बेस रिपेअर डेपोमध्ये ती संपूर्ण उघडून पुन्हा बांधता येतात. तिथे त्यांची अवजारं आहेत, चाचणीचे बाक आहेत, आणि त्या कामात हयात घातलेली माणसं आहेत. रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांसाठी नाशिकजवळ ओझरला तसाच डेपो. पण चार हेलिकॉप्टरांसाठी, तेही जगात जेमतेम तीनशे बनली अशा जातीच्या, कोण डेपो बांधणार? साडेतीन टनांचा गिअरबॉक्स तपासायचा बाक उभारायचा आणि तो दहा वर्षांतून चारदा वापरायचा? हिशेबनीस तुम्हाला दारात उभं करणार नाही. त्यामुळे मोठ्या दुरुस्तीला हे यंत्र जिथे जन्मलं तिथेच पाठवायचं, आणि पाठवायचं म्हणजे करार, पैसा आणि वाट पाहणं. दारी हत्ती झुलतो ते दिसतं सगळ्यांना. माहूत, चारा आणि वैद्य परगावचे आहेत हे घरच्यालाच माहीत असतं.

हेलिकॉप्टरच्या भागांचं एक वैशिष्ट्य ट्रकवाल्याला चमत्कारिक वाटेल. इथे भाग तुटायची वाट पाहत नाहीत. प्रत्येक महत्त्वाच्या भागाला आयुष्य ठरवून दिलेलं असतं : इतके उड्डाणतास, किंवा इतकी वर्षं, जे आधी भरेल ते. वर्षं भरली की भाग कोरा करकरीत दिसत असला तरी उतरवायचा. सोव्हिएत यंत्रांत तर मोठ्या भागाबरोबर त्याचा स्वतःचा 'पासपोर्ट' येतो : कुठे जन्मला, कोणत्या हेलिकॉप्टरवर किती तास उडाला, कुणी उघडला, पुन्हा कधी बांधला. भाग आहे पण पासपोर्ट हरवला, तर तो भाग भंगार. माणसांच्या बाबतीत जगभर जे चाललंय त्याच्याशी साम्य वाटलं तर तो माझा दोष नाही.

म्हणून हे यंत्र हँगरमध्ये नुसतं उभं असलं तरी म्हातारं होत असतं. आणि ठरलेली मुदत भरली, की उडू शकत असूनही उडत नाही.

"लेथार केल्यार?" मेस्ताने विचारलं. लेथवर करून घेतला तर? प्रश्न भोळा नाही. खाणपट्ट्यात निम्मे पिन आणि बुश असेच होतात. बाहेरची मापं घेणं सोपं आहे, आज तर यंत्र हजारांश मिलिमीटरपर्यंत मोजून देतं. मापांत न दिसणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच असतात. पोलाद कोणत्या जातीचं, ते ठोकून घडवलं की ओतलं, किती अंशांवर तापवून कशात विझवलं, वरच्या पापुद्र्यात कार्बन किती खोल मुरवला. एमआय-२६ च्या पात्याचा कणा पोलादी नळीचा आहे आणि त्यावर काचतंतूंचं आवरण. पात्यांना धरणारा माथा टायटॅनियमचा. त्या नळीत केसाएवढी चीर असेल तर ती डोळ्यांनी दिसत नाही, आणि दर फेरीला वाकण्या-सरळ होण्याने ती वाढत जाते. ट्रकाचा बुश गेला तर ट्रक रस्त्याच्या कडेला लागतो. हवेत कडेला लागण्याची सोय नसते. मेस्त हसला आणि पुन्हा डबा चाळू लागला.

एवढी कटकट करून हे हत्ती पाळले कशासाठी? डोंगरांसाठी. रणगाड्याचे भाग, डोझर, तोफा, इंधनाची पिंपं घेऊन जिथे रस्ताच नाही तिथे जायचं, हे दुसऱ्या कुणाच्या आवाक्यात नव्हतं. आणि यातलं एक काम आपल्या ओळखीच्या माणसांचं आहे. पेडण्याच्या बोगद्यात ओल्या चिकणमातीशी झगडलेल्या कोकण रेल्वेकडे पुढे काश्मीरच्या मार्गाचा कटरा भागातला तुकडा आला. चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीवर पूल बांधायचा, पण पूल बांधणारी यंत्रं दरीच्या काठावर न्यायला वाट नाही. रस्ता करायला पोकलेन हवा आणि पोकलेन न्यायला रस्ता हवा, असा तो पेच होता. रियासीच्या त्या डोंगरांत हवाई दलाच्या एमआय-२६ ने अवजड यंत्रं उतरवली, त्या यंत्रांनी वाटा खोदल्या, आणि मग बाकीचा सरंजाम चालत गेला. जून २०२५ मध्ये त्या पुलाचं उद्घाटन झालं. फिती कापतानाच्या छायाचित्रांत हेलिकॉप्टर नाही. ते असण्याचं कारणही नव्हतं.

२०१३ मध्ये उत्तराखंडात ढगफुटीने दऱ्या वाहून गेल्या तेव्हाही हेच. छोटी हेलिकॉप्टरं माणसं काढत होती, पण त्यांना लागणारं इंधन डोंगरात पोचवायचं कुणी? एमआय-२६ ने. पुढे केदारनाथ पुन्हा बांधायचं ठरलं. साडेतीन हजार मीटर उंचीवर या हेलिकॉप्टरला उतरायला धावपट्टीवजा हेलिपॅड आधी हातांनी साफ करावं लागलं. उंचावर हवा विरळ. पात्यांना पकडायला काही मिळत नाही, इंजिनालाही श्वास कमी पडतो. वीस टनांची बढाई तिथे चालत नाही, बऱ्याच कमी ओझ्यावर भागवावं लागतं. तरीही जेसीबी वर पोचले ते त्याच्यामुळे.

या काळात कळप मात्र आटत होता. डिसेंबर २०१० मध्ये एक हेलिकॉप्टर जम्मूत उड्डाणानंतर लगेच कोसळलं. आतली माणसं वाचली, यंत्र गेलं. उरली तीन. त्यांच्या मोठ्या दुरुस्तीच्या मुदती भरत गेल्या आणि एकेक खाली बसत गेलं.

दुरुस्ती करायची तर कुठे? इथे नकाशा उघडावा लागतो. एमआय-२६ चा सांगाडा बनतो रशियात, डोन नदीवरच्या रोस्तोवला. गिअरबॉक्स येतो उरल पर्वताजवळच्या पेर्महून. आणि डी-१३६ इंजिन युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाचं, मोटर सिच कारखान्याचं. हेलिकॉप्टर घेतलं तेव्हा ही तिन्ही गावं एकाच देशात होती, एकाच खरेदीपत्रात मावत होती. रोस्तोव आणि झापोरिझ्झिया यांच्यात सरळ रेषेत अंतर किती? पणजी आणि पुणे यांच्यात आहे तेवढंच, साधारण ३४० किलोमीटर. १९९१ मध्ये त्यांच्यामध्ये सरहद्द आली. २०१४ मध्ये क्रिमियावरून युक्रेनने रशियाला लष्करी माल देणं बंद केलं. २०२२ पासून त्या ३४० किलोमीटरांत खंदक आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात युक्रेन सरकारने मोटर सिच ताब्यात घेतलं. रशियाही आता या हेलिकॉप्टरला स्वतःचं इंजिन बनवण्याच्या खटपटीत आहे. ज्याने यंत्र बनवलं त्यालाच पार्ट मेळना, तिथे चंडीगडची काय कथा!

याच भांडणाने आपल्या एएन-३२ मालवाहू विमानांचंही रडगाणं झालं. २००९ मध्ये शंभरावर विमानं सुधारून घेण्याचा करार युक्रेनशी झाला. काही तिथून सुधारून आली, उरलेली कानपूरला व्हायची होती, पण लागणाऱ्या पेट्या आणि संच वेळेवर येईनात. आपण कुणाशी भांडलो नव्हतो. दोन सख्खे भाऊ वाटण्यांवरून भांडतात तेव्हा दोघांच्या सामाईक विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजाऱ्याचं जे होतं ते आपलं झालं.

रशियाकडून घेतलं म्हणून असं झालं, असा निष्कर्ष दिल्लीत काहींनी काढला. तो अर्धाच खरा. दाबोळीच्या नौदल तळावरच्या जुन्या माणसांना १९९८ आठवत असेल. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश वेस्टलँडची, पण त्यांच्या पोटात अमेरिकी भाग. ब्रिटनची इच्छा असो नसो, ते भाग पुढे देता येईनात. यंत्र एकाकडून घ्यावं आणि भागाची किल्ली तिसऱ्याच्याच खिशात निघावी, हे तेव्हा कळलं. नाल सापडली म्हणून घोडं घेण्याची आपल्याकडे थट्टा आहे. इथे उमदं घोडं दारात आणि नालेसाठी परक्या लोहाराची मिनतवारी.

तरीही अवजड हेलिकॉप्टर हवंच होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये बोईंगच्या १५ चिनूक हेलिकॉप्टरांचा करार झाला, २२ अपाचेंबरोबर. संरक्षणमंत्री तेव्हा आपले मनोहर पर्रीकर. २५ मार्च २०१९ रोजी चंडीगडला चिनूक दाखल झाली. त्यांना सामावून घेणारी तुकडी तीच, १२६, पिसाच्या वजनाची. पर्रीकर त्याच्या आठच दिवस आधी गेले होते.

चिनूक हे एमआय-२६ चं काम करतं असं म्हणणं बरोबर नाही. ते दहाएक टन उचलतं, म्हणजे एकच टिपर. वीस टनांचा डोझर न्यायचा तर तो उघडून दोनदा न्यावा लागतो. पण रचना नामी आहे. एमआय-२६ ला एकच मोठं चक्र डोक्यावर आणि त्याच्या उलट्या फिरकीला आवर घालायला शेपटीवर लहान पंखा. चिनूकला पुढे एक, मागे एक अशी तीन-तीन पात्यांची दोन चक्रं, एकमेकांच्या उलट फिरणारी. त्यामुळे शेपटीच्या पंख्यावर ताकद वाया जात नाही. दोन्ही चक्रांची वर्तुळं एकमेकांत शिरतात, तरी पाती धडकत नाहीत, कारण दोन्ही एकाच दांड्याने बांधलेली आहेत. एक इंजिन बंद पडलं तरी उरलेलं दोन्ही चक्रं फिरवतं. ४.२ टनांची एम-७७७ तोफ पोटाखाली आकड्याला टांगून ते लडाखच्या धारेवर जाऊ शकतं.

आणि मेस्ताच्या प्रश्नाचं उत्तर चिनूकपाशी आहे. कितलीं हाडिल्लीं? आपण पंधरा. पण जगात १९६१ पासून बाराशेवर बनली. एकट्या अमेरिकी सैन्याकडेच चारशेच्या घरात. म्हणजे दुकान आधीच घातलेलं आहे, आपण फक्त गिऱ्हाईक. शिवाय त्या दुकानाच्या मागच्या खोलीत आपलीही माणसं बसली आहेत : बेंगळुरूची डायनामॅटिक कंपनी चिनूकचा मागचा खांब आणि मालाचा उतरता दरवाजा बनवते, टाटांच्या हैदराबादेतल्या कारखान्यांतून त्याच्या धडाचे भाग जातात. सुर्ल्याहून चोर्ला घाट चढून बेळगावला गेलं, की पुढे हत्तरगीला एकस कंपनीची वसाहत आहे; तिथे एअरबस आणि बोईंग या दोघांच्याही विमानांचे भाग कातले जातात. ईशान्येकडून भाजीचे टेम्पो जसे गोव्यात उतरतात, तसे उलट दिशेने गोव्यातले आयटीआयवाले तिकडे चढत असतील तर मला नवल वाटणार नाही.

माझ्या मते चिनूकच्या निवडीतला सगळ्यांत शहाणपणाचा भाग त्याची ताकद नव्हे, तर त्याचं गर्दीत असणं आहे. एकट्याच्या जातीचं यंत्र पाळण्यापेक्षा कळपातलं पाळावं. त्याने १९९८ ची भीती जात नाही. दुकान मोठं असलं तरी मालक दुसराच आहे. पण निदान दुकान आहे.

मोठ्या दुकानातही काय होतं ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. अमेरिकी सैन्याने आपली सगळी चिनूक अचानक जमिनीवर बसवली. काही इंजिनांना आगी लागल्या होत्या. कुणी दगावलं नव्हतं, पण इंधन गळत होतं. भारताने बोईंगकडे खुलासा मागितला. शोध घेता सापडली एक ओ-रिंग. रबराची गोल कडी, जी प्रत्येक टिपरच्या, पंपाच्या, अगदी घरच्या नळाच्या जोडातही असते. इंजिन बनवणाऱ्या हनीवेलने सांगितलं, की सैन्याच्याच एका डेपोत नेहमीच्या देखभालीच्या वेळी काही इंजिनांत ठरलेल्या बनावटीच्या नसलेल्या कड्या बसवल्या गेल्या. हजारो अश्वशक्तीचं इंजिन, अब्जावधी डॉलरांचा ताफा, जगातलं सगळ्यांत श्रीमंत सैन्य, आणि खाली बसलं ते अंगठीएवढ्या रबरापायी. रबराला वासही येत नाही चूक असल्याचा. नेमक्या जातीचं रबर इंधनात फुगत नाही, चुकीचं फुगतं किंवा कडक होतं, एवढाच काय तो फरक.

अवजड हेलिकॉप्टरांची एक गंमत अशी, की त्यांचं एकमेकांशी येणं-जाणं असतं. २००२ मध्ये अफगाणिस्तानच्या डोंगरात अमेरिकेचं एक चिनूक बिघडून पडलं. ते उचलून न्यायला जगात एकच पर्याय होता. एका खासगी कंपनीचं एमआय-२६ भाड्याने आणलं आणि रशियन यंत्राने अमेरिकी यंत्र साखळीला लटकवून तळावर आणलं. अठरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, केदारनाथला उलटा प्रसंग. २०१८ मध्ये तिथे कोसळलेल्या रशियन बनावटीच्या एमआय-१७ चे अवशेष हवाई दलाच्या चिनूकने उचलून खाली आणले. कदाचित एखादा जपून ठेवण्यासारखा भाग त्यातही असेल. मेस्त तर पहिल्यांदा तेच बघेल.

सुर्ल्याहून होंडा लांब नाही. डिचोली तालुका संपतो, सत्तरी लागते, आणि खनिजाच्या धुळीने लाल झालेल्या रस्त्यावरून अचानक एका स्वच्छ आवारापाशी आपण येतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि फ्रान्सची साफ्रान यांनी अर्ध्या-अर्ध्या वाट्याने काढलेली ही हेलिकॉप्टर इंजिनांच्या देखभाल-दुरुस्तीची कंपनी. पायाभरणी २०१६ मध्ये पर्रीकरांच्या हातची, कार्यशाळेचं उद्घाटन डिसेंबर २०२३ मध्ये. इथे येणारी इंजिनं अवजड हेलिकॉप्टरांची नाहीत. टीएम-३३३ आणि 'शक्ती' ही ध्रुव, रुद्र, प्रचंड या आपल्या बंगळुरी हेलिकॉप्टरांची. 'शक्ती' साधारण १,४०० अश्वशक्तीचं. एमआय-२६ च्या इंजिनाच्या ११,४०० तून पहिला एकचा आकडा गाळावा एवढंच. पण ही हेलिकॉप्टरं शेकड्यांनी आहेत, सियाचिनपासून समुद्रापर्यंत रोज उडतात. मेस्ताच्या कसोटीवर हे दुकान घालण्याजोगं आहे.

अशा कार्यशाळेत काम कसं चालतं ते एरवी गॅरेजमध्ये बसणाऱ्याला ओळखीचंही वाटेल आणि परकंही. इंजिन आलं की आधी त्याची वही वाचायची. मग ते मॉड्यूलवार उघडायचं. टर्बाइनची पाती चमकत्या रंगद्रव्यात बुडवून, पुसून, जांभळ्या उजेडात धरायची; चीर असेल तर रंग तिच्यात लपून बसतो आणि रेघ पेटल्यासारखी दिसते. जे आत उघडून पाहता येत नाही तिथे दुर्बिणीची बारीक नळी घालायची. कड्या मात्र तपासत बसायचं नाही. जुनी कधीच परत लावायची नाही. नवीच घ्यायची, तिच्या पाकिटावरची तारीख बघायची, कारण रबर पाकिटातही म्हातारं होतं. मग पुन्हा जोडून चाचणीच्या कोठडीत पूर्ण ताकदीवर पळवायचं, आणि प्रत्येक पायरीवर सही. खाण बंद पडल्यावर डंपरच्या इंजिनांतून उठलेल्या किती पोरांना या सह्या करण्याची संधी मिळेल, हा प्रश्न मला त्या कुंपणाबाहेरून जाताना दर वेळी पडतो. ग्रीस दोन्हीकडे सारखंच असतं. कागदाची शिस्त शिकावी लागते, ती खाणीत कुणी शिकवली नाही. त्यात पोरांचा दोष नाही.

त्या रात्री मेस्ताला चाक मिळालं नाही. त्याने दुसऱ्या एका ट्रकाची, चिंचेखाली चार पावसाळे काढलेल्या, वायपरची मोटर उतरवली. तिचं चाक शाबूत होतं पण कॉइल जळलेली. या मोटरचं चाक त्या मोटरच्या पोटात गेलं. काडून घालप. नरकासुराचा हात वर गेला, क्षणभर अडला, आणि खाली आला. पोरांनी इतका आरडाओरडा केला की कुत्री भुंकू लागली.

चतुर्दशीच्या पहाटे, अजून काळोख होता, फटाक्यांची दारू भरलेल्या त्या राक्षसाला रस्त्याच्या मधोमध आणलं. रात्रभर ढोल-ताशात गदा फिरवून त्याचा खांदा खिळखिळा झाला होता. काडी ओढणार इतक्यात मेस्त ओरडला. एक पोरगा पाना घेऊन बांबूच्या सांगाड्यावर चढला, चार नट सोडवले, मोटर बनियनमध्ये गुंडाळून खाली उतरला. मग काडी ओढली.